जन्मतःच हिरवे चौकोन

आमच्या वहिनीला 'साधारण' हा शब्द चालत नाही. चहा थोडाच दे म्हटलं की ती पातेलं हातात धरून उभी राहते आणि विचारते, थोडा म्हणजे अर्धा कप की पाऊण? पाहुणा गांगरतो, पाऊण म्हणतो आणि त्याला पाऊणच मिळतो. दादा सांगतो, हिच्याशी लग्न केल्यापासून 'आलोच पाच मिनिटांत' म्हणायचं मी सोडून दिलं, कारण सहाव्या मिनिटाला फोन यायचा.

मी तिची नणंद, धाकटी. घराच्या पुढच्या खोलीत कपडे शिवते. लग्न केलं नाही. का ते विचारू नका, विचारलंत तर सांगेन आणि तुमची दुपार जाईल. घरात आम्ही चौघं. दादा लिफ्ट दुरुस्त करतो, म्हणजे दिवसभर कुठल्या तरी इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेला असतो. आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय, आणि घर त्या दोन गुडघ्यांच्या हुकुमावर चालतं. सकाळ-संध्याकाळ तिचे दोन्ही हात धरून तिला या खोलीतून त्या खोलीत चालवायचं, हे वहिनीचं काम. आई दुसऱ्या कुणाला हात देत नाही. मी एकदा धरले होते, तर म्हणाली, तू मला चालवतेयस की फरफटवतेयस.

माझ्याकडे येणाऱ्या बायका 'गळा नेहमीसारखा' एवढं सांगून जायच्या आणि शिवून झालं की 'असा नव्हता हो' म्हणून नाक मुरडायच्या. माझा तिळपापड व्हायचा. एक दिवस वहिनीनं भिंतीवर पुठ्ठा लावला. त्यावर गळ्याचे प्रकार, बाह्यांचे प्रकार, सगळे चित्रांसकट. "यातलाच एक निवडायचा," ती म्हणाली, "याच्याबाहेरचा गळा या दुकानात मिळत नाही." मी म्हटलं, गिऱ्हाइकं पळतील. पळाली नाहीत. उलट एक बाई पुठ्ठ्यापुढे इतका वेळ विचार करत राहिली की शेवटी मी तिला बसायला स्टूल दिलं.

हे वहिनीला कुठून सुचलं, तर तिच्या जुन्या नोकरीतून. सॉफ्टवेअरच्या एका ऑफिसात ती आकृत्या काढायची. कुठल्याही कामाचं सॉफ्टवेअर बनवायच्या आधी ते काम माणसं मुळात कसं करतात, ते चौकोन आणि बाणांनी मांडायचं. आधी काय, नंतर काय, कोण करतं, अडलं तर कुणाकडे जातं. याला ती मॉडेल म्हणते. पुढे आईचे गुडघे कुरकुरायला लागले, घरात कुणीतरी राहायला हवं होतं, आणि बघता बघता ते 'कुणीतरी' म्हणजे वहिनी झाली.

गेल्या वर्षापासून ती पुन्हा नोकरी शोधत होती. मुलाखतीला गेली की ठरलेला प्रश्न यायचा, मधल्या काळात काय केलंत? ती खरं तेच सांगायची, "सासूबाईंना चालवलं." समोरचे लोक मान डोलवायचे, छान छान म्हणायचे आणि पुन्हा फोन करायचे नाहीत. त्या दिवशी घरी भांडी जरा जोरात घासली जायची. मला तर त्या लोकांना जाऊन चार शब्द सुनवावेत असं वाटायचं.

मग एका छोट्या कंपनीच्या मालकीणबाईंनी, त्यांना सगळे मॅडमच म्हणतात, तिला एक काम करून बघायला दिलं. जमलं तर नोकरी पक्की. नाही जमलं तर तो मधला काळ आणखी लांबणार, आणि आता तो लांबला तर पुढे कुणी दारातही उभं करणार नाही, हे वहिनीला चांगलं ठाऊक होतं. मलाही.

काम होतं बसच्या डेपोचं. दिवसभर फिरून बस आत आली की ती पुन्हा रस्त्यावर जाईपर्यंत तिचं काय काय होतं, ते सगळं मांडायचं. डेपोनं त्यावर सही केली की मॅडमची कंपनी तसंच्या तसं सॉफ्टवेअर बनवणार, आणि मग तिथली माणसं त्या सॉफ्टवेअरच्या हिशेबानं कामं करणार. मॅडमच्या ऑफिसातलं आकृत्या काढायचं विकतचं टूल नुकतंच बंद केलं होतं. म्हणून त्यांनी वहिनीला सांगितलं, फुकटात मिळणारं एक टूल आहे, ते बसवा, आणि त्यात आपले पर्याय आधीच भरून ठेवा, म्हणजे ऑफिसातलं कुणीही एकसारखं काम करेल.

मी म्हटलं, फुकट म्हणजे कचराच असणार.

"फुकट हा त्याचा छोटा गुण," वहिनी म्हणाली. "मोठा गुण म्हणजे ते मोकळं आहे. आत काय आहे ते उघडून बघता येतं, आपल्याला हवं तसं बदलता येतं, आणि त्यासाठी कुणाची परवानगी काढायला लागत नाही."

लग्न न करण्याचं माझं कारण जवळपास हेच आहे, पण मी गप्प बसले.

दार लागतं आणि उजेड आहे अशी घरात एकच खोली, माझी. तेव्हा माझ्या कापायच्या टेबलाचा अर्धा भाग तिचा झाला. एका टोकाला कात्री आणि कापड, दुसऱ्या टोकाला तिचा लॅपटॉप. ते टूल बसवताना तिच्या नाकी नऊ आले. उतरवून घेतलं तर ते म्हणालं, मला चालायला आणखी एक सॉफ्टवेअर लागतं. ते आणलं तर म्हणालं, ही आवृत्ती फार जुनी. नवी आणली तर म्हणे, ही फारच नवी. रुसलेल्या जावयासारखे त्याचे नखरे चालले होते. शेवटी एकदाचं सुरू झालं, तर आपली अक्षरं उमटेनात. वहिनी 'मिस्त्री' लिहायची आणि पडद्यावर नुसत्या रिकाम्या चौकटी यायच्या.

ते निस्तरलं आणि मग खरं काम सुरू झालं, पर्यायांची फाईल लिहिण्याचं. पूर्वी त्या ऑफिसात ज्याला जे सुचेल ते तो लिहायचा. एकानं लिहिलं मिस्त्री, दुसऱ्यानं मेकॅनिक, तिसऱ्यानं वर्कशॉपवाले. माणूस एकच, पण टूलला वाटायचं तिघं आहेत. वहिनीनं ठरवलं की आता मनाचं काही लिहायचंच नाही. प्रत्येक चौकोनाला तीन याद्या. हे कोण करतं, कधी करतं, आणि डेपोच्या माणसांनी हे मान्य केलंय का. बोट टेकवलं की यादी उघडणार, त्यातलं एक निवडायचं, विषय संपला.

पहिल्या दोन याद्यांसाठी ती स्वतः डेपोत जाऊन आली आणि तिथल्या माणसांचे शब्द घेऊन आली. तिसरी यादी मॅडमनी त्यांच्या जुन्या टूलमधून काढून पाठवली. 'मान्य', 'अर्धवट', 'विचारायचं बाकी'. वहिनीनं ती आली तशी, त्याच क्रमानं फाईलमध्ये घातली. चांगलं वरती, राहिलेलं खाली, कुणीही असंच लिहील. त्यानंतर कुठेतरी एक कंस मिटायचा राहिला आणि तेवढ्यासाठी अख्खं टूल उघडेना. ती डोळ्यात तेल घालून तो कंस शोधत होती आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मी उसवलेली शिवण शोधत होते. तिचा कंस आधी सापडला.

मग तिनं बस आत येण्याचं पान काढलं, मुख्य मिस्त्रींना फोनवर एकेक चौकोन वाचून दाखवला आणि प्रत्येक ठिकाणी पर्याय भरले. बाकीची पानं, धुलाई, डिझेल, ब्रेक, तिचंच टूल वापरून ऑफिसातल्या दोघांनी काढली. डेपोला दाखवायच्या आदल्या दिवशी मॅडमचा फोन आला. "चौकोनांना रंग द्या. वाचत कुणी बसत नाही, रंग सगळ्यांना दिसतो." वहिनीनं टूलला सांगून ठेवलं, मान्य ते हिरवं, अर्धवट ते पिवळं, बाकी ते राखाडी. स्वतःच्या पानावर करून बघितलं. सगळं हिरवं झालं, आणि ते हिरवंच असायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या त्या टेबलावरूनच बैठक झाली. वहिनी चांगले कपडे घालून पडद्यापुढे बसली. "नणंदबाई, मशीन बंद," तिनं मला बजावलं. मी कोपऱ्यात बसून हातानं बटणं लावत होते. पडद्यावर मॅडम होत्या, डेपोचे साहेब होते, आणि मुख्य मिस्त्रींचा फोन टेबलावर उताणा असल्यामुळे त्यांच्या ऐवजी डेपोतला पंखा होता. अधूनमधून पंख्याला खोकला यायचा.

वहिनीनं पानं दाखवायला सुरुवात केली. बस आत येते, हिरवं. धुलाई, हिरवं. डिझेल, ब्रेक, सगळं हिरवंगार. साहेब खूश. "एवढ्या लवकर सगळं विचारून झालंसुद्धा?" मॅडम तर फुलून गेल्या होत्या. मला खालच्या मानेनं हसू आवरेना. म्हटलं, लागली आमच्या वहिनीला नोकरी.

"आजच सही करून पुढे पाठवतो," साहेब म्हणाले.

तेवढ्यात पंखा बोलला, "बाई, फाटकावर किल्ली घ्यायची असते पहाऱ्यावरच्या माणसाकडून, ते कुठे दिसलं नाही."

"आत्ता घालते काका," वहिनी म्हणाली आणि तिनं एक नवा चौकोन काढला. त्याला अजून नावही दिलं नव्हतं. काही निवडलं नव्हतं, काही विचारलं नव्हतं. आणि तो चौकोन हिरवा होता.

तिचा हात जागच्या जागी थांबला. मी कोपऱ्यातून बघत होते, मला फक्त एवढंच कळलं की काहीतरी बिनसलंय. नंतर तिनं समजावून सांगितलं. चौकोन काढला की ते टूल यादीतला पहिला पर्याय आपण होऊन धरून चालतं. पहिला होता 'मान्य'. ऑफिसातल्या दोघांनी चौकोन काढले, आणि तिसऱ्या यादीला हात लावायचा त्यांच्या लक्षातही आलं नाही. ती सगळी पानं जन्मतःच हिरवी होती. ब्रेकचं पान कुणी मिस्त्रींना वाचूनही दाखवलं नव्हतं.

पडद्यावरच्या कुणाच्याही हे ध्यानात आलेलं नव्हतं. सही होऊन गेली असती. नंतर गुपचूप दुरुस्त करता आलं असतं, नोकरी खिशात घालून. हे तिच्या मनात आलंच नसेल असं मी म्हणणार नाही, कारण टेबलावर तिचं बोट टक टक वाजत होतं आणि ती कधी उगाच बोट वाजवत नाही.

"साहेब, थांबा," ती म्हणाली. "सही करू नका. हे हिरवं खरं नाही."

तिनं सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. पहिलं पान तेवढं खरं, बाकीची टूलनं स्वतःहून हिरवी केलेली.

"म्हणजे ब्रेकचं पान तपासलेलं नाही?" साहेबांनी विचारलं.

"ज्यांना माहीत आहे त्यांना अजून विचारलेलं नाही."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मॅडमचा तर बघवेना. "आम्ही तुम्हाला कळवतो," असं त्या म्हणाल्या, ते साहेबांना की वहिनीला ते समजलं नाही, आणि पडदा काळा झाला.

मी बटण, सुई, दोरा सगळं फेकून उठले. "ती यादी कुणाची होती? त्यांची ना? 'मान्य' पहिलं कुणी लिहिलं होतं? त्यांनीच ना? मग तोंडाला कुलूप का लावलंस?"

"यादी त्यांची, पण टूल मी बसवलं," ती म्हणाली. "पहिला पर्याय टूल धरून चालतं का, हे मी बघायला हवं होतं."

"अगं, पण एवढं तरी सांगायचंस की..."

"ब्रेकचं चाललं होतं गं. त्यात माझं-तुझं कुठे काढत बसू?"

मला इतका राग आला की मी मशीनवर बसून एक अख्खी सरळ शिवण वाकडी घातली. ती मात्र पुन्हा लॅपटॉपपुढे बसली. तिनं 'विचारायचं बाकी' उचलून यादीत सगळ्यात वर नेलं, पहिलं सोडून बाकी पानं राखाडी केली, आणि मॅडमना फाईल पाठवली. उत्तर आलं नाही. संध्याकाळी आईला चालवताना ती रोजच्यासारखीच बोलत होती, पण दार वाजलं की, फोन वाजला की, आधी तिची मान वळायची. मला फार वाईट वाटलं तिच्यासाठी. वर्षभर दाराशी उभी राहिलेली बाई, दार उघडलं आणि हिनंच ते आपल्या हातानं ढकललं, असं वाटत राहिलं.

पुढचा फोन आला तो मॅडमचा नव्हे, मिस्त्रीकाकांचा. "बाई, ब्रेकचं विचारायला कधी येताय?"

"काका, ते काम आता माझ्याकडे आहे की नाही मलाच माहीत नाही."

"ते तुमचं तुम्ही बघा. मी दुपारी मोकळा आहे."

ती लॅपटॉप काखोटीला मारून गेली. आईला चालवायची वेळ झाली तेव्हा घरात मीच होते. आईनं माझ्याकडे संशयानं बघितलं आणि नाइलाजानं हात पुढे केले. दोन खोल्यांमध्ये तिनं माझी चार वेळा खरडपट्टी काढली. मी घाईत आहे, मी उंबऱ्याकडे बघत नाही, मी शिवणकामाचा विचार करते, आणि माझे हात गार आहेत. पण पोचलो आम्ही पलीकडे. परतही आलो.

वहिनी आली ती बाहीला वंगण लावून आणि चेहराभर हसत. नोकरीचं काय झालं विचारलं तर म्हणे, माहीत नाही, पण हे बघ. ब्रेकचं पान एकेक चौकोन करून हिरवं झालं होतं, काही पिवळे होते, आणि मधे एक नवाच चौकोन आला होता. धुलाईनंतर ब्रेक ओले असतात, म्हणून बस बाहेर काढण्याआधी आवारातच ब्रेक दाबत एक फेरी मारायची. "हे कुणी लिहिलंच नव्हतं," ती म्हणाली. "का, तर म्हणे सगळ्यांनाच माहीत आहे. सॉफ्टवेअरला कुठे माहीत होतं?" एखाद्या पोरीला बक्षीस मिळावं तशी ती खूश होती, आणि हातात तर काहीच नव्हतं.

मॅडमचा फोन आला तेव्हा संध्याकाळ होती आणि वहिनीच्या दोन्ही हातांत आईचे हात होते. दोघी खोलीच्या मधोमध उभ्या. तेव्हा फोन मी उचलला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"मी आमची जुनी मॉडेलं उघडून बघितली," मॅडम म्हणाल्या. नमस्कार नाही, काही नाही. "विकतच्या टूलमध्येही हीच यादी होती. सगळ्या पानांवर 'मान्य'च आहे. कुठलं विचारून 'मान्य' झालंय आणि कुठलं आपोआप, ते माझ्या माणसांना सांगता येत नाहीये. यादी आमची होती. त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत?"

"तेव्हा सही थांबवायची होती, मॅडम," वहिनी म्हणाली. "यादी कुणाची, ते नंतरही कळलं असतं."

मॅडमचा आवाज उतरला. डेपोच्या साहेबांनी काम काढून घेतलं नाही, त्या म्हणाल्या, उलट मिस्त्री सांगतायत की बोलेन तर त्याच बाईंशी. आता जुनी सगळी कामं पुन्हा तपासायची, आणि ते टूल सगळ्या ऑफिसासाठी नीट बसवायचं. नोकरी पक्की, पण काम पूर्ण दिवसाचं आणि ऑफिसात येऊन करायचं, घरून नाही. "कधीपासून येऊ शकाल?"

वहिनीनं हातातल्या हातांकडे बघितलं. जिनं कधी कुणाला मोघम उत्तर दिलं नाही, ती म्हणाली, "मी जरा... घरी बघून सांगते."

"सोमवारी," मी म्हटलं.

"कोण बोलतंय?" मॅडमनी विचारलं.

"मी तिची नणंद. सोमवारी येते ती."

वहिनीनं माझ्याकडे असं बघितलं की एरवी मी गप्प झाले असते. तिचे डोळे भरले होते, माझेही भरले होते, आणि कुणी काही बोलायच्या आत आईनं आपले हात तिच्या हातांतून सोडवून घेतले. ती तशीच आधाराशिवाय उभी राहिली, जरा डुलली, सावरली, आणि मग तिनं दोन्ही हात माझ्यापुढे धरले.

मी ते हात धरले आणि आम्ही दोघी चालायला लागलो.